मांडीखाली दाबलेले हात

दिव्यांगांच्या केंद्रातला स्वमग्न तरुण गोंगाट झाला की स्वतःचा हात चावायचा. तिथल्या मदतनीस मावशी बावीस वर्षं त्याचे हात घट्ट धरून ठेवत आल्या होत्या.

मदतनिसांना शिकवायला आलेली मुलगी वर्गात म्हणाली, "धरू नका. आवाज थांबवा, लांब बसा, गप्प राहा."

"तुझ्या वयाएवढी माझी नोकरी झालीय गं बाई!"

सगळ्या जणी हसल्या. मुलीचा चेहरा उतरला.

दुपारी स्वयंपाकघरात मिक्सर लागला आणि तरुणानं हात तोंडात घातला. मुलगी दारातून बघत होती. मावशींनी मिक्सर बंद केला, लांब बसल्या आणि शिवशिवणारे आपलेच हात मांडीखाली दाबून धरले. पाच मिनिटांत तो शांत झाला.

मावशी तडक वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसल्या.

"बावीस वर्षं चुकले, पोरी. आता आणखी काय काय चुकतंय, ते सांग."