बाटलीची एक बाजू

प्रयोगशाळेत मूळपेशींपासून तांबड्या रक्तपेशी वाढवायचं काम ताईंकडे होतं. पेशी कुणाच्या, हे बाटलीवर कधीच लिहीत नसत. नुसता क्रमांक असे. पण या बाटलीवरचा क्रमांक ताईंना तोंडपाठ होता. जुळणारं रक्त मिळेपर्यंत त्यांची सात वर्षांची लेक, चिमणी, काही टिकली नाही. तिच्या मूळपेशी तेवढ्या फ्रीजरमध्ये मागे राहिल्या.

एकविसाव्या दिवशी बाटली लालभडक झाली. टेबलावर ठेवली की अशा पेशी हळूहळू तळाशी बसतात. या बसल्या नाहीत. ताई ज्या बाजूला उभ्या होत्या, तिकडच्या काचेला चिकटल्या.

"टेबल उतरतं असेल," शेजारचा सहकारी म्हणाला. त्याने दुरुस्तीच्या पेटीतली पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला.

ताई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. लाल थर सावकाश काचेवरून सुटला आणि त्यांच्या मागोमाग पलीकडे आला.

"नोंदी झाल्या ना? मग ब्लीच घालून टाकून द्या," साहेब दारातूनच म्हणाले. "जीव गुंतवू नका, ताई."

नियमच होता तो. ताईंनी बाटली पोटाशी धरली आणि ब्लीच भरलेली सिरिंज उचलली.

सुई दिसली की चिमणी आईच्या पोटात तोंड खुपसायची.

सुई रबरी बुचातून आत शिरली. सगळा लाल रंग ताईंच्या पोटाकडे सरकला, आणि बाटली थरथरायला लागली.

ताईंचे हात अगदी स्थिर होते.