साथीचा आवाज

वडील नावाजलेले गवई. आई तीस वर्षं त्यांच्या मागे बसून साथीला गायची. दर मैफलीआधी वडील माईकवाल्याला बजावत, "हिचा आवाज बारीक ठेव. उगाच मध्येमध्ये लुडबुडतो."

या वेळच्या मैफलीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या लेकीनं दोघांचे आवाज दोन वेगळ्या रेकॉर्डरवर घेतले. घरी येऊन तिनं रिकाम्या साबणदाणीत दोन्ही आवाज एकत्र करायला दोन-चार रेझिस्टर डाग देऊन बसवले आणि दोन्ही रेकॉर्डरच्या वायरी त्यातून एकाच स्पीकरला जोडल्या.

वडील फिसकन हसले. "माझं गाणं आता साबणदाणीतून? आवाज येणार की फेस?"

लेकीनं दोन्ही बटणं एकदम दाबली. गाणं सुरू झालं. आई भाजी निवडायची थांबली आणि स्वतःचाच आवाज पहिल्यांदा ऐकावा तसा ऐकत राहिली. वडिलांच्या कपाळावर मात्र आठ्या चढल्या.

"तरी म्हटलं! बंद कर ते डबडं. त्यात माझा आवाज दबतोय."

"दबत नाहीये, बाबा," लेक म्हणाली, "फक्त आईचा दाबलेला नाहीये."