आणि कंपनी

सोमवारी सकाळी थिएटरचं मागचं दार उघडलं तेव्हा ऑगी लिंडनर बाहेर पायरीवर बसलेलाच होता. आत शिरल्या शिरल्या त्याने आपल्या गाण्याच्या कागदांची चळत रंगमंचाच्या कडेला, दिव्यांच्या रांगेपाशी ठेवली. तालमीचा नंबर असाच लागायचा. ज्याचे कागद आधी, त्याची तालीम आधी. आणि दोघांकडे एकच गाणं निघालं, तर त्या आठवड्यापुरतं ते पहिल्याचं. दुसऱ्याने आपलं बघावं.

मागून पावलं वाजली. न वळताच त्याने ओळखली. गावोगावी, स्टेशनापासून खानावळीपर्यंत ती पावलं त्याच्या मागे चालली होती, दोन्ही हातांत बॅगा घेऊन.

डेला रोर्क खाली वाकली, वरचा कागद वाचला. ‘नदीकाठचं घर.’

"अजून हेच गातोस?"

"माझंच आहे."

"चाल तुझी," डेला म्हणाली. "हशा माझा होता."

खोटं नव्हतं. ऑगी हनुवटीखाली फिडल धरून गात गात घर बांधायचा. इथे खिडकी, तिथे पियानो, मागे सफरचंदाचं झाड. डेला त्याच्या मागे बॅगा धरून उभी. कडवं संपलं की ती जरा थांबायची आणि कोरड्या आवाजात विचारायची, "आणि तू घरी कधी असणार, ऑगी?" टोलेडोपासून डेन्व्हरपर्यंत लोक खुर्च्यांवरून घसरायचे. शब्दसुद्धा तिचेच. जाहिरातीवर मात्र छापलेलं असायचं, ‘ऑगी लिंडनर आणि कंपनी’. कंपनी म्हणजे डेला. नाव लांबलं की लोक वाचत नाहीत, असं तो तिला समजावायचा आणि वर पोटभर जेवायचा.

"ऑगी, ऐक." तिने आवाज खाली आणला. "मी पहिल्यांदाच एकटी निघालेय. माझं सगळं या गाण्यावर आहे. दुपारचा खेळ पडला तर हा मॅनेजर मला रात्रीपर्यंतसुद्धा ठेवणार नाही. तुझ्याकडे नकला आहेत, फिडलच्या गमती आहेत. तू काहीही करशील. कागद उचल आणि माझ्यामागे ठेव. एवढंच."

ऑगी वाकला. खरंच वाकला. बोटं कागदांना लागली.

तेवढ्यात भिंतीला टेकवलेला दुपारचा फलक त्याला दिसला. डेला रोर्क. पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. आणि त्याच्या नावाच्या वर.

त्याने चळतीच्या कडा नीट जुळवल्या आणि कंबर सरळ केली.

"नियम म्हणजे नियम, डेला."

"हो. तुला सोयीचा असला की तो नियमच असतो."

तिने आपल्या चळतीतून त्या गाण्याचे कागद काढून घेतले, उरलेले त्याच्या मागे ठेवले आणि जाऊन सामानाच्या पेटीवर बसली. भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुपारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. समोरच्या थिएटरात बोलपट लागला होता. ऑगीने घर बांधलं, खिडकी लावली, पियानो ठेवला. मग मान वळवून, बायकी आवाज काढून स्वतःच विचारलं, "आणि तू घरी कधी असणार, ऑगी?"

सकाळी सांगितल्याप्रमाणे वाद्यवृंद हशासाठी थांबला. वाद्यवृंद चालवणाऱ्या सोरेनसनची छडी वरच्या वर राहिली. कोणीतरी खोकलं. दुसऱ्या कडव्याला ऑगीने घाई केली. तिसऱ्याला त्याने विचारलंच नाही.

खालच्या खोलीत तो तोंडावरचा रंग पुसत होता तेव्हा डेलाचा आवाज वरून आला. वाद्यं वाजत नव्हती. बॅगा घेऊन ती नुसती उभी राहिली असणार.

"माझं गाणं मघाशी एक गृहस्थ म्हणून गेले," ती लोकांना सांगत होती. "हरकत नाही. मला त्यात गायचं नव्हतंच कधी. ते घर बांधायचे, मी सामान धरायची. घराला सात खिडक्या झाल्या, पण बॅगा खाली ठेवायला जागा काही निघाली नाही."

छत हादरलं. ऑगीच्या हातातला फडका तसाच राहिला. कुठे किती थांबायचं, हे त्या बाईने त्याला किती वेळा शिकवलं होतं. त्याला वाटायचं, ती दमून थांबते.

दारावर टकटक झाली. मॅनेजर होबार्ट. हातात दर्शनी भागात लावलेला ऑगीचा फोटो. फोटो परत आला की काही विचारायचं नसतं, आपण उठायचं आणि स्टेशनाकडे चालू लागायचं. धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगीने हात पुढे केला.

होबार्टला नुसतंच निघून जाणं जमेना. "जुना दिसतोय फोटो."

"जुनाच आहे."

फोटोतला ऑगी फिडल धरून हसत होता. एक बाजू कात्रीने कापलेली. त्याच्या खांद्यावर मात्र चार बोटं तशीच राहून गेली होती. ती कापायला गेलं तर त्याचा खांदा गेला असता.

"मिस्टर लिंडनर, हा हात कुणाचा हो?"

वर लोक पुन्हा हसले. ते थांबेपर्यंत ऑगी थांबला.

"कंपनीचा," तो म्हणाला.