दादाचं नामांतर

विहारात भिंतीवर चादर ताणून, एका बाईनं माझ्या दादावर काढलेला सिनेमा दाखवणार होते. नामांतराच्या मोर्चात त्याच्या डोक्यात लाठी बसली, तेव्हापासून तो कोळसा घेऊन वस्तीचं नामांतर करत हिंडतो. बापानं खडी फोडली त्या सडकेला बापाचं नाव दिलं, हापशाला मायचं. माझं कुठंच नाय. भन्ते म्हणाले, “ह्याच्या वेडातच मुक्तीची वाट आहे.” लोकांनी त्याला हार घातला. माझा जळफळाट झाला. वाळूजला कंपनीत प्रेस मशीनखाली माझी चार बोटं गेली, तेव्हा सायबानं नुसतं ‘कामगाराची चूक’ लिहिलं. हार कुणी आणला नाय. टाळ्या वाजल्या, मी हात खिशातच ठेवला. मग सिनेमा सुरू झाला, त्यात माझी कंपनी दिसली. गेटजवळच्या भिंतीवर दादा कोळशानं माझं नाव लिहीत होता. सिनेमावाल्या बाईनं विचारलं, “हे कुणाचं नाव?” “कंपनीचं,” दादा म्हणाला. “माझ्या भावाची चार बोटं हायेत आत.”