हक्काचा माणूस

चंदीगडला सेक्टर ४३ च्या बसस्टँडवर एका माणसाने एका बाईंची सोनसाखळी हिसकावली आणि पोलिसांनी टांझानियाहून शिकायला आलेल्या बाराकाला उचललं. बाईंनी बघताक्षणी ओळखलं, "हाच तो काळा!"

बाराकाची वकील, वल्लरी ताम्हणे, ठाण्यात शिरताच कडाडली, "अटक केलीत आणि त्याच्या एकाही माणसाला कळवलं नाहीत? हक्क आहे तो त्याचा, उपकार नाहीत तुमचे!"

"नाराज नका होऊ, मॅडमजी," म्हणत ठाणेदाराने तिच्यासमोरच बाराकाच्या रूममेटला, जुमाला, फोन लावला. जुमा बिचारा धावत आला. त्याला दारात बघताच बाकावर बसलेल्या त्याच बाई ताडकन उठल्या, "हाच तो! पक्का हाच!"

"अहो, चोर एकच होता ना?" वल्लरी ओरडली. "मग दोघांना कसं ओळखता? म्हणजे तुम्हाला काहीच आठवत नाही. सोडा बाराकाला!"

"सोडू कसा? आता तर टोळी झाली," म्हणत ठाणेदाराने जुमालाही आत बसवलं.

मग पुन्हा फोन उचलून अदबीने विचारलं, "बोला मॅडमजी, आता या जुमाच्या कोणत्या माणसाला कळवू?"