शब्दन् शब्द

"दुभाष्याने स्वतःचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही गाळायचं नाही."

विद्यापीठात जर्मनच्या बाईंनी पहिल्याच तासाला हे वर्गाकडून वदवून घेतलं होतं. "शब्द देता?" त्यांनी विचारलं होतं. सगळ्यांनी हसत हसत दिला होता. पुतणी आज सकाळपासून तो मोडत होती.

काकांच्या भांड्यांच्या कारखान्यात, टेबलापलीकडे जर्मनीहून आलेली पाहुणी बसली होती. समोर पातेल्यांचे नमुने मांडले होते. ती एकेक उचलून बुडावरून बोट फिरवत होती.

"ही पांढरी पाल पातेली घ्यायला आलीय की चाटायला?" काका म्हणाले. चेहऱ्यावर मात्र आदरातिथ्य ओसंडत होतं.

"काका म्हणतात, निवांत बघा," पुतणीने जर्मनमध्ये सांगितलं.

"कोटाला इस्त्री नाही हिच्या. हिची कंपनी काय माल उचलणार, कपाळ!"

"काका म्हणतात, प्रवासात दमला असाल."

पुतणी एकीकडे जर्मन भाषा आणि संस्कृती शिकत होती, दुसरीकडे व्यवसाय व्यवस्थापन. व्यवस्थापनाचे सर सांगत, सौदा ठरेपर्यंत कटू शब्द दाराबाहेर ठेवावा. आज ती सरांचं ऐकत होती. वडील गेल्यापासून घर काकांचं होतं आणि घरातला शब्दही काकांचाच.

कारखान्यात ॲल्युमिनियमला सगळे जर्मनच म्हणत. काकांना त्यावरून एकच विनोद सुचला होता आणि तो त्यांना तीन वर्षं पुरला होता. "जर्मन शिकायला विद्यापीठ कशाला? आपल्या गोदामात किलोवर पडलंय!" कारकून दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे. संस्कृतीचं नाव काढलं की काका नाक मुरडत. "उभ्या उभ्या पाव खाणाऱ्यांची कसली आलीय संस्कृती?" आणि व्यवस्थापन? "ते मला विचार. गडी उभा दिसला की ओरडायचं. झालं व्यवस्थापन."

काल त्यांनी निकालही देऊन टाकला होता. "हा सौदा झाला तर शेवटचं वर्ष कर. नाही झाला तर तुझं ते गुटेन-बिटेन बंद. गल्ल्यावर बसायचं."

पाहुणीने सर्वांत मोठं पातेलं पुढे ओढलं आणि ती सावकाश बोलू लागली. ही भांडी शाळांच्या स्वयंपाकघरात जाणार. लहान मुलं रोज यातलं जेवणार. धातू कोरा आहे ना? भंगाराची भेसळ नाही ना?

पुतणीने प्रश्न जसाच्या तसा काकांपुढे ठेवला.

"कोरा!" काका खुर्चीत रेलले. "अगं, जुन्या इंजिनांचं भंगार ओतलंय त्यात. शिसं आहे, आणखी काय काय आहे, देवाला ठाऊक. आपण खातो का त्यातलं? आपल्या घरी स्टील. या पालीच्या बापालाही कळायचं नाही. तू आपलं सांग, अगदी कोरा. आईच्या दुधासारखा."

"काका म्हणतात..." पुतणीने सुरुवात केली. पुढचा शब्द येईना. भाषा अडली नव्हती. 'कोरा' हा शब्द तिने पहिल्याच वर्षी पाठ केला होता. समोरचं पातेलं केवढं मोठं होतं, त्यात किती मुलांचं शिजेल, एवढंच तिला दिसत होतं.

पाहुणीने तिच्याकडे बघितलं. मग हसून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतात, तुमचे काका सकाळपासून एवढं बोलतात आणि तुम्ही एवढंसंच सांगता. बाकीचं जातं कुठे?"

काकांनी टेबलावर थाप मारली. झाकणं खणखणली. "बघ! त्या पालीलासुद्धा कळलं. मी घसा फोडून बोलतोय आणि ही दोन शब्दांत गुंडाळतेय. तीन वर्षं घोकलंस काय मग? जर्मन येतं का नुसतंच मिरवतेस?"

"येतं, काका."

"मग दाखव की! सकाळपासून मी जे जे बोललो ते सगळं सांग तिला. शब्दन् शब्द. एक अक्षर गाळलंस तर बघ."

स्वतःचं बोलणं ऐकायची सवय काकांना कधीच नव्हती. कोपऱ्यात बसलेल्या कारकुनाला होती. त्याने घाईघाईने फायलीत तोंड खुपसलं.

"सगळं, काका?"

"बहिरी आहेस का? सगळं!"

काचेपलीकडे गल्ल्यामागची खुर्ची रिकामी होती. पुतणीने ती एकदा नीट बघून घेतली. मग पाहुणीकडे वळून बसली, आवाज खाली आणला आणि पांढऱ्या पालीपासून सुरुवात केली.