पाठ झालेलं घर

काडी पेटली, तरी ठकीच्या डोळ्यातली काळी बाहुली बारीक झाली नाही.

नूरमोहम्मदनं दुसरी काडी ओढली. आधी डाव्या डोळ्यासमोरून नेली, मग उजव्या. ठकीनं फक्त नाक उडवलं.

"बघा मारुतराव. घोडा असो नाहीतर मांजर, उजेड आला की बाहुली आवळते. हिची सताड उघडी. काही दिसत नाही हिला."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. दोनही असतील."

नूरमोहम्मद नालबंद होता. चिंचवडात टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचा. त्यांचे खूरही बघायचा, डोळेही. मारुतरावांच्या जुन्या घराला लागूनच त्याचं दुकान होतं. काल त्यानं एक चाक दुकानाच्या दाराशी टेकवलं आणि रोज तिथून जाणारी ठकी येऊन त्यावर आपटली. म्हणून त्यानं पिंपरीला निरोप धाडला होता.

"पण नूरभाई, ही तर खिडकीवर उडी मारते!"

"या घरातल्या. चौदा वर्षं काढलीत इथं. घर पाठ झालंय हिला, राव. डोळे लागतात कशाला?"

मारुतराव पायरीवर बसले.

चार महिन्यांपूर्वी त्यांना पिंपरीतल्या औषधांच्या नव्या कारखान्याची क्वार्टर मिळाली होती. विजेचा दिवा. दारात नळ. ते, बायको इंदू, आई सुभद्राबाई आणि ठकी, असं सगळं घर तिकडं गेलं. आणि पहिल्याच दिवसापासून ठकीचं बिनसलं.

ट्रंकेवर आपटायची.

कॉटखाली बसून भर दुपारी ओरडायची.

शेगडीमागं घाण.

मागून हात लावला की नखं. एवढी मायाळू ठकी, आणि नखं!

"मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही," शेजारचे बबनराव म्हणाले होते. "जुन्या घरी नेऊन सोडा. बघा कशी ताळ्यावर येते."

इंदू आधीच मेटाकुटीला आली होती. "मांजर एकीकडं, सासूबाई एकीकडं. डबा जरा सरकवला की घर डोक्यावर घेतात. नवी साडी आणली, तर नुसता हात फिरवून 'मऊ हाय' म्हणाल्या आणि ठेवून दिली. चार बायकांत यायला नको. मी काय यांचं घोडं मारलंय?"

आईचं एकच पालुपद. "मला न्हाई करमत हितं. मला आन ठकीला आपल्या घरी नेऊन घाल."

शेवटी टांगा केला. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ठकी. जुन्या घरी पिशवी उघडली, तशी ठकी तडक माठामागून खिडकीवर गेली. आईनं पदर खोचला, कोनाड्यातून काड्यापेटी काढली, चूल पेटवली, चहा टाकला. दोघी जिथल्या तिथं. मारुतरावांना हायसं वाटलं. बबनराव शहाणा माणूस, असं त्यांनी घरी जाऊन इंदूला सांगितलंही.

शहाणा!

मुका जीव, बोलणार कसा? पाठ झालेल्या घरातून तिला उचललं. रोज ट्रंका हलवल्या, ताटली कधी इथं, कधी तिथं. वर तिलाच चिडकी ठरवलं.

"औषध?"

"आता नाही. वेळेत बघितलं असतं तर सांगता आलं असतं." नूरमोहम्मदनं ठकीच्या मानेवर बोट फिरवलं. "सामान हलवू नका. ताटली एका जागी. जवळ जायच्या आधी हाक मारा, म्हणजे दचकत नाही. तेवढ्यावर निभतं."

"मी नेतो हिला परत. चूक माझी आहे."

सायकल त्यांनी अंगणात मधोमध उभी केली होती. ते आत गेले. आई परातीत तांदूळ धूत होती.

"आई, ठकीला दिसत नाही गं. आम्हाला कळलंच नाही."

आईचा हात पाण्यात थांबला.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? आंधळं मांजर कुणी ठिवून घेतं व्हय?"

"असं काय म्हणतेस! मी तिला घेऊन चाललोय. ट्रंक भिंतीला लावतो. ताटली हलवू देणार नाही कुणाला. इंदूलाही नीट समजावतो."

आईनं तांदळाचं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाली, "बरं झालं. तिचं तरी भलं झालं."

"तूही चल ना."

"नगं. मी हितं बरी हाय. नीघ तू, ऊन चढतंय."

आई अजून रुसलेलीच आहे, असं मनाशी म्हणत मारुतराव बाहेर आले. ठकीला पिशवीत घातलं, पिशवी हँडलला अडकवली. ठकी आत मुकाट बसली.

"मारुती, थांब! तिचं वाडगं ऱ्हायलं."

आई दारात आली. हातात पितळी वाडगं. दोन्ही पायऱ्या ती झपझप उतरली, तुळशीला नेमका वळसा घातला आणि सरळ चालत येऊन सायकलवर आदळली.

वाडगं घरंगळत गेलं.



आईचा हात सीटवरून फिरला, मग दांडीवरून, मग घंटीवर येऊन थांबला.

"मारुती," ती हळूच म्हणाली, "हायस ना रं तू हितं?"

मारुतराव तिच्यापुढं हातभर अंतरावर, भर उन्हात उभे होते.